मधल्या मुलांना मंडळीत जागा द्या : सोलापुरातील पाळकांना आणि पास्टोरेट कमिट्यांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचे सभासद आणि आपापल्या मंडळीतले वडीलधारे,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नाताळच्या नाटकाची पात्रं ठरवायला बसलं की आपल्याकडे दरवर्षी तोच पेच पडतो. लहानग्यांना पंख बांधून देवदूत करता येतं. कॉलेजची मुलं योसेफ, हेरोद आणि मागी लोक होतात. उरतात ती सहावी, सातवी, आठवीची. देवदूत व्हायला ती उंच झालेली असतात आणि योसेफाची दाढी अजून त्यांना शोभत नाही. मग मेंढपाळांच्या घोळक्यात त्यांना मागे उभं करायचं, नाहीतर पडदा ओढायला बसवायचं. नाताळ सरला तरी वर्षभर त्यांची गत हीच असते, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

मी संडे स्कूलची शिक्षिका आहे. आपलं संडे स्कूल चालतं ते साधारण पाचवीपर्यंतच्या मुलांच्या बेताने. कृतिगीतं, रंगवायची चित्रं, बायबलमधल्या सोनेरी वचनाचं पाठांतर, शेवटी बिस्किटाचा पुडा. तरुण संघात जागा मिळते ती दहावी झाल्यावर. मधली वर्षं मूल आईशेजारी बाकावर बसून काढतं, नाहीतर आवारात लावलेल्या मोटारसायकलवर मोबाईल घेऊन. पुढे कन्फर्मेशनच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या, वर्गासाठी नावं मागवली की निम्मी मुलं सापडत नाहीत आणि कमिटीत चर्चा होते की आजकालच्या पोरांना चर्चची ओढ राहिली नाही. ओढ लागावी असं त्या मधल्या वर्षांत आपण त्यांच्यासाठी काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझी मागणी आधीच सांगते. प्रत्येक मंडळीने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आठवड्यात एक वेगळा तास ठेवावा, बसायला स्वतंत्र खोली द्यावी, वर्षानुवर्षं टिकतील अशी निदान दोन मोठी माणसं नेमावीत आणि अंदाजपत्रकात त्यांच्या नावाने रक्कम धरावी. मंडळी लहान असेल तर जवळच्या दोन-तीन मंडळ्यांनी मिळून हे करावं.

चारही शुभवर्तमानांत येशूच्या जन्मापासून त्याची सेवा सुरू होईपर्यंतच्या काळातला, बाळपण सरल्यानंतरचा एकच प्रसंग सांगितलेला आहे, आणि तो त्याच्या बाराव्या वर्षीचा आहे. लूकने तो दुसऱ्या अध्यायात दिला आहे. आईवडील शोधत राहतात आणि तीन दिवसांनी मुलगा मंदिरात सापडतो. गुरुजनांमध्ये बसलेला, त्यांचं ऐकणारा, त्यांना प्रश्न विचारणारा. या प्रसंगावर आपण प्रवचनं पुष्कळ ऐकली, पण ती येशूच्या बुद्धीबद्दल असतात. मला त्या गुरुजनांबद्दल बोलावंसं वाटतं. त्यांनी सातवीतल्या वयाच्या पोराला आपल्यात बसवून घेतलं. ‘तुझे आईवडील कुठे आहेत, जा त्यांच्याकडे’ असं म्हणून वाटेला लावलं नाही. आपल्या किती मंडळ्यांत बारा वर्षांचं मूल पाळकसाहेबांच्या शेजारी बसून असे प्रश्न विचारू शकतं?

हे वयच प्रश्नांचं आहे. मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे सांगतात की साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून मूल डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टींचाही तर्काने विचार करू लागतं. म्हणून दुसरीतलं मूल नोहाच्या तारवातले प्राणी मोजतं आणि सातवीतलं विचारतं की तारवाबाहेरच्या लहान बाळांचं काय झालं. हा प्रश्न उद्धटपणाचा मुळीच नाही. त्या मुलाने गोष्ट पहिल्यांदाच मनापासून ऐकली आहे, म्हणून तो आला. त्याला ‘असं विचारू नये’ म्हटलं की ते पुन्हा विचारत नाही, आणि हळूहळू यायचंही सोडतं. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं, पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी स्वतः येऊन बसावं. पण प्रश्न गिळायला लावू नये.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र तारवाचा नसतो. तो शाळेतून येतो. आठवीत एखादा अर्ज भरायचा असतो किंवा दाखल्याची प्रत लागते, आणि बाई वर्गात विचारतात, ‘जात काय लिहू?’ मूल म्हणतं, ‘ख्रिश्चन.’ ‘तो धर्म झाला, जात सांग.’ शेजारच्या बाकावरचा म्हणतो, ‘तू ख्रिश्चन, तर मग तुझं आडनाव आमच्यासारखंच कसं?’ ते मूल घरी येऊन आईला विचारतं, आई म्हणते, ‘पप्पांना विचार’, पप्पा म्हणतात, ‘मोठा झालास की कळेल.’ रविवारी ते आपल्याकडे येतं तेव्हा आपण त्याला दाविदाने गोफणीने गल्याथाला कसं पाडलं ते शिकवतो.

या प्रश्नाला खरं, सरळ उत्तर आहे आणि ते तेरा वर्षांच्या मुलाला समजतं. आपले पूर्वज कोण होते, गावकुसाबाहेर का राहत होते, पाणवठ्यावर त्यांना काय ऐकून घ्यावं लागे, आणि मिशनच्या शाळेत शिरणं त्यांच्यासाठी काय होतं, हे सांगता येतं. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली, तेव्हा त्या यादीची सवलत हिंदूंपुरती ठेवली गेली. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून तुझ्या बौद्ध चुलतभावाच्या कागदावर एक लिहिलेलं असतं आणि तुझ्या कागदावर दुसरं, हेही सांगता येतं. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगावी लागते, जी आपल्याला जड जाते : बाप्तिस्मा झाला तरी आपल्या घरांतून जात गेली नाही, सोयरीक जुळवताना ती हळूच पुढे येते. मुलांना हे दिसतं. त्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर मंडळी मूग गिळून बसली तर मंडळीच्या दुसऱ्या कुठल्याही बोलण्यावर ती विश्वास का ठेवतील? पौलाने गलतीकरांना ‘ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही’ म्हणून लिहिलं, ते या मुलांसमोर वाचायचं असेल तर आपल्या शहरातल्या, आपल्या आडनावांतल्या गोष्टीसकट वाचावं.

आता शरीराचं. या वयात मुलाचा आवाज फुटतो. जो मुलगा पाचवीत क्वायरमध्ये पुढे उभा राहून गायचा त्याला सातवीत ‘तू जरा मागे राहा, सूर जातोय’ असं सगळ्यांसमोर सांगितलं जातं. तो मागे जातो आणि मग क्वायर सोडतो. त्याला तबल्यावर बसवा, पेटी शिकवा, साउंडच्या माणसाजवळ उभं करा, वर्ष-दोन वर्षांत नवा आवाज बसेपर्यंत त्याचं गाण्याशी नातं तुटू देऊ नका. मुलींचं तर आपण बोलतच नाही. पाळी सुरू झाली की कित्येक मुली महिन्यातला एखादा रविवार घरी राहतात, कारण चर्चच्या आवारातल्या शौचालयाला आतून कडी नसते, पाणी नसतं, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाची बादली नसते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे आपल्या घरात आपण विसरत नाही. पिंप, हंडे, टाकी सगळं भरून ठेवतो. चर्चच्या टाकीकडे कोण बघतं? नव्या कमानीसाठी वर्गणी गोळा करण्याआधी एक कडी, एक बादली आणि पाण्याची सोय करावी, ही माझी कमिटीतल्या पुरुष सभासदांना कळकळीची विनंती आहे. महिला मंडळाच्या भगिनींनी हे ठरावात लिहून घ्यावं.

खाण्याचंही तसंच. उपासना साडेदहाला सुटते, त्यानंतर मुलांना बसवायचं तर त्यांच्या पोटात काही हवं. याईराच्या मुलीला येशूने उठवलं, तीही बारा वर्षांची होती, आणि लगेच त्याने सांगितलं की तिला खायला द्या. पोहे करायला आपल्याकडे हात कमी नाहीत.

रविवार सकाळचा आपला मोठा प्रतिस्पर्धी सिनेमा किंवा क्रिकेट नसून क्लास आहे. शिष्यवृत्तीचा, गणिताचा, इंग्रजीचा. विजापूर रोडला, जुळे सोलापुरात, होटगी रोडला रविवारी सकाळी दप्तरं घेतलेली मुलं दिसतात, त्यांत आपलीही असतात. मी त्या आईवडिलांना दोष देणार नाही. ज्या घरात आजीने विड्या वळल्या आणि आजोबांचं मिलचं काम मिल बंद पडून सुटलं, त्या घराला शिक्षणाचं मोल मंडळीने शिकवायची गरज नाही. तेव्हा रविवारचा हट्ट सोडावा. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा ही वेळ ठेवून बघावी. आणि क्लासची फी परवडत नाही अशा मुलांना त्याच खोलीत गणित, इंग्रजी शिकवायला मंडळीतल्या निवृत्त शिक्षकांनी यावं. आपल्याकडे निवृत्त शिक्षक जितके आहेत तितके दुसऱ्या कुठल्या समाजात असतील असं मला वाटत नाही. यात नवं काही नाही. 1780 साली इंग्लंडात ग्लॉस्टर इथे रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल काढलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठीच. आपल्या शहरातही 1877 साली जुनी मिल सुरू झाली तो काळ असा होता की त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या फॅक्टरी कायद्याने फक्त सात ते बारा वर्षांच्या मुलांना ‘मूल’ मानलं, बारा पूर्ण झालेला मोठा कामगारच. या वयाला धड मूल नाही, धड मोठं नाही म्हणून वाऱ्यावर सोडायची सवय जुनी आहे, ती मोडायला हवी. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1860च्या दशकात सोलापुरात स्थिरावली, पुढे मिस मेरी हार्डिंग यांनी इथे अगदी लहान मुलांसाठी किंडरगार्टन चालवलं आणि त्यासाठी शिक्षिका तयार केल्या. त्या वेळी तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळी शाळा ही कल्पना आपल्या लोकांना किती नवी असेल! तसा विचार मधल्या वयासाठी आपण आज करू शकतो.

या मुलांबरोबर बसायचं कुणी? आजवर आपण तरुण संघातल्या एखाद्या उत्साही मुलाला ‘तू बघ रे त्यांच्याकडे’ म्हणतो. तो बिचारा बारावी, पदवी झाली की पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला जातो, जावंच लागतं, आणि मुलांचा दादा दरवर्षी बदलतो. या वयाच्या मुलाला विश्वास टाकायला वेळ लागतो. म्हणून मुख्य माणसं इथे घर असलेली, संसारी, चाळिशीच्या पुढची असली तरी चालतील. पन्नाशीची बाईसुद्धा चालेल. गिटार यायला पाहिजे असं नाही. मुलाचं नाव लक्षात ठेवणारी, त्याचा पेपर कसा गेला ते विचारणारी, त्याने सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बाजारात न बोलणारी माणसं हवीत. तरुण मुलं त्यांच्या हाताखाली असावीतच, खेळ घ्यायला, गाणी घ्यायला.

इथे मी एका विषयावर स्पष्ट बोलणार आहे, कारण ‘आपल्यात असं होत नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. 2012चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, मुलगा असो की मुलगी. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणं कलम 19 प्रमाणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली शिक्षा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याचा अर्थ पाळकसाहेबांनी दोन्ही घरांना बोलावून प्रार्थना करून प्रकरण मिटवलं, तर तो समेट होत नाही, गुन्हा होतो. मंडळीचं नाव खराब होईल ही भीती मला समजते. पण मुलाने धीर करून सांगितलं आणि मोठ्यांनी ते दाबलं, तर त्या मुलासाठी देवाचं नावच खराब होतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी नियम लिहून फळ्यावर लावावेत. कुणीही मोठा माणूस मुलाबरोबर बंद दाराआड एकटा बसणार नाही. तासाला नेहमी दोघं असतील आणि मुली असतील तर त्यांत एक बाई असेलच. सहलीला, शिबिराला पालकांची लेखी परवानगी लागेल. मुलांशी व्हॉट्सॲपवर खाजगी बोलणं नाही, जे असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर. शिकवायला पुढे येणाऱ्या प्रत्येकाची आधी चौकशी होईल, तो पाळकसाहेबांचा भाचा असला तरी. आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांना पाठ असेल, सोनेरी वचनासारखा.

दुसऱ्या घरांतल्या मुलांबद्दलही नियम हवा. आपली मुलं वर्गमित्रांना घेऊन येतात, कधी खेळायला, कधी नाताळच्या केकसाठी. त्यांचं स्वागत व्हावं. पण त्या मुलाच्या आईवडिलांना ते कुठे आहे आणि इथे काय चालतं हे माहीत असल्याशिवाय त्याला तासाला बसवू नये, आणि त्यांच्या पाठीमागे त्याच्यावर श्रद्धेचा कुठलाही आग्रह धरू नये. हे मी घाबरून म्हणत नाही. माझं मूल दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात गेलं तर मला जे कळायला हवं तेच त्या आईला कळायला हवं.

राहिलं काम. या मुलांना काम द्या, आणि ते खरं असू द्या. 1881 साली अमेरिकेत पोर्टलंड इथे फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने ख्रिश्चन एंडेव्हर सुरू केलं त्याचं मर्म हेच होतं की मुलांनी स्वतः प्रार्थना चालवावी, स्वतः समित्या करून मंडळीची कामं वाटून घ्यावीत. आपल्याकडे मुलांचा रविवार म्हणून एक दिवस असतो, त्या दिवशी एका हुशार मुलीला प्रार्थना पाठ करून म्हणायला लावतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा शास्त्रवाचन सहावी ते आठवीच्या मुलांकडे असू द्या, अडखळली तरी. मंडळीत अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आहेत, ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत. मोठ्या माणसासोबत दोन-दोन मुलांनी त्यांच्याकडे जावं, त्यांना आवडतं ते गीत म्हणावं, औषधाच्या गोळ्यांवरचं बारीक अक्षर वाचून दाखवावं. हंगामाच्या सणाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाचा हिशेब मुलांना लिहू द्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होती, आताच्या मुलांना युट्यूबवरची हिंदी, इंग्रजी गाणी येतात. आजी-आजोबांच्या भेटीत ती भजनं आपोआप कानावर पडतील. सोलापुरातल्या आपल्या मंडळ्यांत तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरंही आहेत, त्या मुलांना आपल्या आजीच्या भाषेतलं एखादं गीत सगळ्यांना शिकवू द्या. जी मुलगी मराठी बोलताना लाजते तीच ते शिकवताना ताठ उभी राहील.

पैशाचं शेवटी लिहिते, कारण चर्चा तिथेच अडते. खोली आपल्याकडे आहे, आठवडाभर कुलूप असतं तिला. माणसं आहेत. खर्च आहे तो पोह्यांचा, वह्या-पुस्तकांचा, वर्षातून एका शिबिराचा आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. पुढच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडताना ‘सहावी ते आठवी’ असा वेगळा रकाना दिसावा, ‘किरकोळ’मध्ये तो लपू नये, एवढं मागते. नाताळच्या मांडवाला आणि रोषणाईला आपण काय खर्च करतो ते प्रत्येक कमिटीला ठाऊक आहे. त्यातला काही भाग इकडे वळवला तर पहिलं वर्ष निभावेल.

शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात. त्याआधी प्रत्येक मंडळीने दोन माणसांची नावं ठरवून घ्यावीत आणि मे महिन्याच्या व्हीबीएसनंतर, म्हणजे सुट्टीतल्या बायबल वर्गांनंतर, मुलांची सवय मोडण्याआधी, पहिला शनिवार धरावा. ज्या मंडळीला नियमांचा मसुदा, वर्षभराच्या तासांचा आराखडा किंवा पालकांच्या संमतिपत्राचा नमुना हवा असेल, तिच्यासाठी तो मराठीत लिहून द्यायला आम्ही काही शिक्षिका तयार आहोत. आपल्या पाळकसाहेबांमार्फत निरोप द्यावा.

प्रभूमध्ये आपली भगिनी,
संडे स्कूलची एक शिक्षिका,
सोलापूर